डावीकडची सीट

चष्मेवाल्यांनी जुनी गाडी घेतली त्याला महिना झाला होता, आणि रोज सकाळी तिचे तिन्ही आरसे डावीकडच्या सीटकडे वळलेले असत. बायको गेल्यापासून शेजारी त्यांचा जेवणाचा डबाच काय तो बसे. ते पुटपुटत आरसे सारखे करत आणि दुकानाला निघत.

शेवटी त्यांनी मेकॅनिकला गाठलं. त्यानं डावीकडची मॅट उचलली आणि तो हसलाच.

"काका, तुम्हाला चांगलंच गंडवलं की! ही बाहेरदेशातून आणलेली गाडी आहे. स्टिअरिंग, ब्रेक, सगळं आधी डावीकडे होतं. ही बघा, भोकं बुजवलीत."

डीलरनं फोनवर कानावर हात ठेवले. "परदेशातली? छे हो, काहीतरीच!"

दुसऱ्या दिवशी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये चष्मेवाल्यांनी आरशांना हात लावला नाही. डबा मांडीवर घेऊन ते डावीकडेच बसले. जन्मभर त्यांनी लोकांच्या डोळ्यांची मापं घेतली होती. हे आरसे त्यांच्याच नजरेला बेतून लावलेले होते. केसाचाही फरक नव्हता. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्यासाठी काही मांडून ठेवलं होतं. त्यांना जरा बरं वाटलं.

सवयीनं त्यांनी उजवा पाय समोरच्या रिकाम्या मॅटवर दाबला. आरशात मागच्या भिंतीवर ब्रेकचा लाल उजेड पडला.

त्यांनी पाय झटकन काढला.

दोन्ही पाय सीटवर घेऊन, डबा पोटाशी धरून ते आरशात बघत राहिले. भिंत अजून लालच होती.