पाण्यातले ठोके

"पाण्यात पट्टा सैल होतो आणि भलतेच आकडे येतात," म्हणत ह्यांनी हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. पडून फुटायला नको म्हणून मी ते मनगटावर बांधलं. बायपासनंतर आज पहिल्यांदाच हे पोहायला उतरत होते.

ह्यांनी बुडी मारली की डोकं वर येईपर्यंत मी काठावर उठून उभी. कितीदा सांगितलं, बुड्या मारू नका. ऐकतील तर ना.

तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. घड्याळातले आकडे तिला तिकडे दिसतात.

"आई, बाबांचे ठोके एकशे तीसवर गेलेत. बाहेर काढ त्यांना."

हे पाठीवर निवांत तरंगत होते. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"काढते," मी म्हटलं. "ते बाहेर आल्याशिवाय हे ठोके काही उतरायचे नाहीत."