तिसऱ्या दिवसाचा जाळ

"आई, पुरे आता. पेटत नाहीये ते!"

देवांगचे दात एकमेकांवर इतके आपटत होते, की एवढं बोलायलाही त्याला तीनदा थांबावं लागलं. सरलाबाईंनी मान वर केली नाही. डाव्या हातात गारगोटी, उजव्यात पोलादाची कडी. खट्, खट्, खट्. ठिणगी जळक्या कापडाच्या तुकड्यावर पडली, तुकडा लाल झाला. त्यांनी तो गवताच्या पुंजक्यात ठेवून फुंकर घातली. धूर आला, डोळ्यांत गेला आणि संपला. गवत दमट होतं, दुसरं काय होणार! सकाळपासून वायोमिंगच्या त्या डोंगरावर पावसातच बर्फ पडत होता.

आणि हे सगळं कशासाठी, तर त्या कापडासाठी. एप्रिलमध्ये एडिसन गावातल्या आईच्या घरासमोर आगीचा बंब उभा राहिला होता. देवांग मिनेसोटात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. शेजाऱ्यांचा फोन आला, हा मीटिंग सोडून बाहेर. विचारलं तर बाईसाहेब स्वयंपाकघरात देवांगच्या वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे पत्र्याच्या डब्यात कोंडून गॅसवर जाळत बसल्या होत्या. जुन्या काळासारखा चकमकीनं जाळ करायचा नवा नाद लागला होता, आणि ठिणगी धरायला असलंच कापड लागतं म्हणे!

"तू एकटी राहू शकत नाहीस, आई."

"एकटी कुठे होते? बंबावर सहा जण आले होते की."

अशा बाईशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? शेवटी पैज लागली. तीन दिवस डोंगरात, घोड्यावर. दोनशे वर्षांपूर्वी बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या कातड्यांसाठी इथे हिंडणारे शिकारी जे वापरायचे, तेवढंच सामान. घोंगड्या, सुरी, लोखंडी भांडं, भाजक्या मक्याचं पीठ. सरलाबाईंनी त्यात गूळ घातला, तो चालेल म्हणाली इला. इला म्हणजे त्यांच्या मैत्रिणीची मुलगी. डेंटल कॉलेज सोडून गेली बारा वर्षं इथे लोकांना घोड्यांवरून हिंडवत होती. तिच्याकडे सील केलेली एक पेटी होती. आत काडेपेटी आणि सॅटेलाइट फोन. सील तुटलं की सरलाबाई हरल्या. मग एडिसनचं घर विकायचं आणि मिनेसोटात ईडन प्रेरीला देवांगच्या बेसमेंटमध्ये राहायला जायचं. नाही तुटलं, तर त्यानं तो विषय पुन्हा म्हणून काढायचा नाही.

देवांगला वाटलं होतं, पहिल्याच संध्याकाळी सील तुटणार आणि सगळे घरी. बेसमेंटला नवा रंगसुद्धा देऊन ठेवला होता त्यानं. पण साठीनंतर घोड्यावर बसायला शिकलेली ही बाई दोन दिवस ताठ बसली, दोन्ही रात्री तिनं जाळ केला. कण्हत होता तो देवांग. मांड्या सोलल्या होत्या, कंबरेचे टाके ढिले झाले होते, आणि तरी तोंड चालूच. आई, लगाम घट्ट धर. आई, डावीकडे झाड आहे. जसं काही तिला झाड दिसत नव्हतं!

आज ओढा ओलांडतानाही तेच. मधोमध घोडी थांबवून हा मागे वळला. "आई, सावकाश हं, दगड आहेत!" घोडी पुढच्या पायानं पाणी खणायला लागली. "अरे टाच मार, ती बसेल!" आई ओरडली. यानं उलट लगाम ओढला. घोडी खुशाल पाण्यात बसली, आणि हा तिच्याबरोबर गळ्यापर्यंत. याच्या घोंगड्याही भिजल्या.

आता आईच्या दोन्ही घोंगड्या त्याच्या अंगावर होत्या. आई स्वतः नुसत्या सदऱ्यावर बसली होती.

इला एका पाइनच्या बुंध्याखालून कोरड्या सालीची ओंजळ घेऊन आली. देवांगचे ओठ बघितले, त्याची बोटं दाबून बघितली. "मावशी, ही साल ड्राय आहे, ट्राय करा. पण टेन मिनिट्स. देन आय ॲम ओपनिंग द बॉक्स. सॉरी."

सरलाबाईंनी एकवार मुलाकडे पाहिलं. निळे ओठ, कपाळाला चिकटलेले केस. तीन दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर कसली म्हणून भीती दिसली नव्हती, ती आत्ता दिसली. पोलादाची कडी त्यांनी चिखलात भिरकावून दिली.

"दहा मिनिटं कशाला? आत्ता उघड. मेलं ते घर! माझं पोर गारठतंय इथे."

इतकं पटकन! देवांग बघतच राहिला. ज्या घरासाठी ही बाई सहा महिने त्याच्याशी भांडली, ते तिनं एका वाक्यात टाकून दिलं. आणि आपण? तिची काळजी, तिची काळजी म्हणत होतो, पण खरं म्हणजे आपल्याला मीटिंगमध्ये फोन यायला नको होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर थंडीचा विसर पडला.

इला पेटीकडे वाकली. त्याआधीच तो घोंगड्यांसकट उठला, दोन पावलं धडपडला आणि पेटीवर फतकल मारून बसला.

"देवांग, मूव्ह! आर यू क्रेझी?"

"दहा मिनिटं म्हणालीस ना? दहा होऊ देत."

"अरे मेल्या, ऊठ!" आई ओरडली. "मरशील थंडीनं!"

त्यानं चिखलातली कडी उचलली, घोंगडीच्या टोकाला पुसली आणि आईच्या हातात ठेवली.

"पेटव लवकर," तो म्हणाला. "मला दिवाळीला तुझ्या घरी यायचंय."