कितवा गियर?

१९४८ साली कोरीटच्या चुडामण पाटलांसाठी सुरतेच्या दलालाने नंदुरबारच्या बाजारात दोन मोटारी आणून उभ्या केल्या. एकीचे गियर हाताने बदलावे लागत, दुसरीचे आपोआप बदलत. पाटलांना दुसरीच आवडली. तेव्हा त्यांच्या पत्नी दगूबाईंनी दलालाला विचारले, "समदं मोटरच करी, मंग पाटील काय करतीन?" "आरामात बसतील, वहिनी," दलाल हसत म्हणाला. दगूबाईंचा चेहरा उतरला. कापूस विकून परतताना पाटील नेहमी बैलगाडीत झोपत आणि बैल त्यांना बरोबर अंगणात आणून सोडत. "पहिलीच ल्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बैलसले घर माहीत शे, मोटरले नही." पाटील हिरमुसले, पण त्यांनी पहिलीच घेतली. परतीच्या वाटेवर दुपारच्या उन्हाने त्यांचे डोळे जड होऊ लागले. घर येईपर्यंत दगूबाई मागच्या सीटवरून दर वळणावर विचारत होत्या, "आते कितवा गियर शे?"