सातव्या मिनिटाचा खोकला

स्पीकर पारखायचे असले की मी एकच रेकॉर्ड लावतो, बासरीच्या मैफलीची. ऊर्जानगरात आमच्या कॉलनीतले लोक ढोल लावून पाहतात. ढोल काय, पत्र्याच्या डब्यातूनही वाजतो. मी सातव्या मिनिटाची वाट पाहतो. तिथे श्रोत्यांतला एक माणूस खोकतो. स्पीकर चांगले असतील तर कळतं, तो डावीकडे, तिसऱ्या रांगेत बसलाय.

माझी बायको दिव्यानीही खोकते. म्हणून ऐकताना मी तिला मागच्या खोलीत बसवतो आणि बाहेरून कडी लावतो.

"मले दमा हाये जी," ती म्हणते. "खिडकी तरी उघडी राहू द्या."

"खिडकीतून आवाज येते. एक बाजू संपेपर्यंतच तं हाये."

रविवारी दुपारी नवे स्पीकर जोडले. मागून खोकला येत होता, मग थांबला. बरं वाटलं.

सातवं मिनिट आलं. माणूस खोकलाच नाही.

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. या वेळी खोकला आला, पण बाईचा. डावीकडून, तिसऱ्या रांगेतून. मग त्याच जागेवरून, अगदी हळू: "अजी, दार उघडा ना."

मागच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. रेकॉर्डमध्ये मात्र छातीतली घरघर, दारावर ओढलेली नखं, सगळं सुटं सुटं ऐकू येत होतं. इतके साफ स्पीकर मी आजवर ऐकले नव्हते.

बाजू संपायला अजून बारा मिनिटं होती. मी आवाज थोडा वाढवला.