सात नंबरचा बिघाड

दोऱ्याचं तुटलेलं टोक आशिषने चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. ताणून तुटलेला दोरा पिंजतो. हे टोक साफ होतं. सुईच्या नेढ्याला धार आली असेल, असं धरून त्याने सुई बदलली.

सुरतेतल्या कतारगामच्या त्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात मशीन बनवणाऱ्या कंपनीने त्याला सात नंबरच्या मशीनसाठी पाठवलं होतं. बाकीची मशीनं नीट चालत. सातवर मात्र दोरा सारखा तुटे आणि मशीन थांबे. मालक भूपेंद्रभाई वैतागले होते.

"थांबलं की ही मशीनच्या पडद्याकडे बघत बसते," ते मशीनवरच्या बाईच्या देखतच म्हणाले. "मशीन बरोबर निघालं, तर बाई बदलतो."

बाई म्हणजे रंजना. धुळ्याकडची. आधी तिचा नवरा हिलाल हे मशीन चालवायचा, ती हाताखाली असायची. तो मस्कतला गेला तशी ती त्याच्या जागी बसली. दिवाळीपासून त्याचा फोन लागत नव्हता, हेही भूपेंद्रभाईंनीच सांगून टाकलं होतं.

ताण बरोबर होता. दोरा चांगला होता. आशिषने मशीन चालू केलं आणि तपासणीसाठी मुद्दाम दोरा तोडला. मशीन थांबलं. पडद्यावर कंपनीच्या इंग्रजी सूचनेऐवजी देवनागरी ओळ उमटली.

'रंजू, दोरा तुटना. घाबरू नको, मी शे ना.'

"हे कुणी केलं?"

"ह्यांनीच," रंजना म्हणाली. "मला इंग्रजी कुठं येतं? मी नवीन होते. मशीन थांबलं की हातपाय कापायचे. म्हणून आतलं उघडून आमच्या अहिराणीत लिहून ठेवलं, मी आहे ना म्हणून."

आशिषने कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअर कंपनीचं. मशीनबरोबर ते नुसतं वापरायला मिळतं. उघडायचं नाही, आतली रचना उकलायची नाही, अक्षर बदलायचं नाही, असा करार असतो आणि त्यावर मालकाची सही असते. कंपनीने पाहिलं तर मशीनच बंद पाडेल. दोराही कदाचित याच खुडबुडीमुळे तुटत असेल. मूळ प्रोग्राम पुन्हा टाकणं भाग होतं.

"सगळं नवं टाका, दादा. ही एवढी ओळ राहू द्या."

"ताई, माझ्या हातात नाही. मलाही त्यातलं अक्षर हलवायची मुभा नाही. मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या."

"फोटो आहे. तो मी बघेन तेव्हा दिसतो." गळ्यातल्या नाडीला अडकवलेली छोटी कातर ती उघडत-मिटत राहिली. "हे आपणहून येतं."

आशिषने मान खाली घालून बटण दाबलं. ओळ गेली.

पुढच्या आठवड्यात भूपेंद्रभाईंचा फोन आला.

"कमाल करी तमे, आशिषभाई. त्या दिवसापासून सातवर एकदासुद्धा दोरा तुटला नाही."

आशिषला ते साफ टोक आठवलं. मग रंजनाच्या गळ्यातली ती छोटी कातर.

"आणि ती बाई?" त्याने विचारलं.

"बाई पण सुधारली. आता मान वर करून पडद्याकडे बघत नाही."