टबातलं उरलेलं पाणी

"ताई, हे दाबून फिरवायचं झाकण मुलांना उघडता येत नाही, दुखऱ्या बोटांनाही नाही," औषधवाला म्हणाला होता. "घरात रांगतं बाळ आहे हो," म्हणत मी सासूबाईंच्या संधिवाताच्या गोळ्या त्याच बाटलीत घेतल्या. पुढे त्या म्हणाल्या, "गोळ्या सोडल्या गं. कोमट पाण्याच्या शेकानेच भागतं." मला कौतुकच वाटलं. आज बाळाच्या अंघोळीनंतर विसरलेला टॉवेल घ्यायला न्हाणीघरात परतले, तर बाळाच्या टबात उरलेल्या पाण्यात हात बुडवून त्या कण्हत होत्या. शेजारी बाटली भरलेलीच होती. झाकणावर दातांचे ओरखडे. "आई, हाक नाही का मारायची?" "एका झाकणासाठी? बाळामागे तुझा जीव अर्धा होतो. मोठं झालं की तेच देईल उघडून," त्या हसल्या. मला मान वर करवेना. तुमच्या घरी कुणी 'आता बरंय' म्हणत असेल, तर आज त्यांचे हात हातात घेऊन बघा.