घुबडांचा डेक

"हट्ट सोड, दिव्या." बरकतभाईनं वणव्याचा डेक तिच्यापुढे सरकवला. "घुबडं घेऊन आज कुणी जिंकत नसतं. ही स्पर्धा मारलीस तर थेट बंगळूरची राष्ट्रीय स्पर्धा. वर्षभर कशासाठी राबलीस मग?"

बरकतभाईचं आकुर्डी स्टेशनजवळ पत्त्यांच्या खेळाचं दुकान होतं. तिथंच दिव्या हा खेळ शिकली. ज्यानं त्यानं आपल्या पत्त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक, बांधून आणायचा आणि समोरच्याला आडवं करायचं. वणव्याचा डेक म्हणजे चार चालींत समोरचा खाक. घुबडांचा सगळा निवांत कारभार. मार खात फांदीवर बसून राहायचं आणि समोरचा दमला की झडप घालायची. तोवर बहुतेक वेळा आपलाच बाजार उठलेला असायचा.

पण तो डेक ओंकारचा होता, दिव्याच्या थोरल्या भावाचा.

गेल्या वर्षी ओंकारनं पिंकीशी पळून जाऊन लग्न केलं. मुलगी परजातीची, आणि चिखलीत यांचं जुनं घराणं, भावकी ही एवढी मोठी. दिव्याच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, त्याच दिवशी इंद्रायणीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरी येऊन ओंकारच्या फोटोला हार घातला. "पोरगा मेला माझा," म्हणाले. झालं, विषय संपला. त्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. पत्ते तेवढे दिव्यानं तांदळाच्या डब्यात लपवले.

जाताना ओंकार तिला म्हणाला होता, "दिवे, माझी घुबडं एवढ्यात खेळू नको. बाबांचा राग जाईल ना, त्या दिवशी खेळ. मी कुठंही असलो तरी बघेन. असशील तिथं येईन."

मग त्याचा फोन बंद झाला. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. दिव्या वर्षभर बरकतभाईच्या वणव्यानं खेळली आणि जिंकत राहिली. स्पर्धा मोबाइलवर थेट दिसायच्या. दादा बघत असणार आणि दर वेळी वणवाच दिसला की मान खाली घालत असणार, या विचारानं तिला जिंकल्याचाही आनंद होत नसे.

आणि परवा जेवताना बाबांनीच विचारलं, "त्याची ती घुबडं हायेत का गं अजून?"

दिव्याचा घास हातातच राहिला. मग तिला असं रडू फुटलं की विचारू नका. डबा, डेक, दादाचं बोलणं, सगळं तिनं सांगून टाकलं. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी ताटात हात धुतला.

"मग खेळ की त्येच," म्हणाले.

आज सकाळी त्यांनी फोटोवरचा वाळका हार स्वतःच्या हातानं उतरवला. दिव्यानं दारातून पाहिलं. माणसाचा राग गेला याला आणखी कसला पुरावा हवा?

"भाई, आज घुबडंच," ती म्हणाली. "हरले तर हरले. माझा दादा घरी येऊ दे."

बरकतभाईनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! भाऊ वेडा होता, बहीण सव्वाशेर निघाली. जा बाई, खेळ."

रावेतचा हॉल गच्च भरला होता. शेवटच्या रांगेत बाबा बसले होते आणि शेजारी नवनाथ आणि कोंडीराम, चुलत्याची पोरं. ओंकारचं नाव निघालं की थुंकणारे हे दोघे आज मित्राची गाडी मागून घेऊन आले होते. भावकीसुद्धा निवळली म्हणायची. दिव्याला भरून आलं.

टेबलावर कॅमेरा रोखलेला होता. तिनं पहिलं घुबड मुद्दाम त्याच्या बरोब्बर खाली ठेवलं. पहिला डाव ती जिंकली. दुसरा नशिबानं मिळाला. तिसऱ्यात जीव मेटाकुटीला आला, पण समोरच्या पोरानं घाई केली आणि घुबडांनी त्याला खाल्लं.

फायनलसाठी तिचं नाव पुकारलं तेव्हा दारात ओंकार उभा होता.

अंगावर चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट. शिफ्ट टाकून आलेला, वाळलेला, दाढी वाढलेली. एवढ्या जवळ होता लेकाचा! दिव्या धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. मग बाबा सावकाश उठून आले. ओंकार वाकला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"चल. खाली गाडी हाय."

"बाबा, पिंकी..."

"तिलाबी घ्यू की वाटंत. खोली कुठं हाय तुमची?"

ओंकारनं डोळे पुसत पत्ता सांगितला. नवनाथनं तो दोनदा विचारून घेतला. ओंकारनं खिशातून मोबाइल काढला, तसा कोंडीरामनं तो अलगद स्वतःकडे घेतला. "काकूला आत्ताच कळवू नको, भावा. दारात बघू दे तिला."

"थांबा ना, माझी फायनल बघून जाऊ," दिव्या म्हणाली.

"तू खेळ," बाबा म्हणाले. "आमी होतो म्होरं."

जिन्यावरून ओंकारनं वळून तिला अंगठा दाखवला.

फायनलमध्ये समोर वणवा होता. चौथ्या चालीला घुबडांची राख झाली. दिव्या हरली आणि खुर्चीतच खदाखदा हसली. "पोरगी वेडी झाली," बरकतभाई म्हणाला, आणि तोही हसला. बंगळूर गेलं खड्ड्यात.

मग मात्र तिला राहवेना. गुपित पोटात ठेवायचं कुणाच्यानं होतं? तिनं आईला फोन लावला.

"आई, दादा येतोय! वहिनीपण! बाबा घेऊन निघालेत. काहीतरी गोडाचं कर."

पलीकडे सावित्रीबाई चक्रावल्या.

"आगं काय बोलतीस? तुझं बाबा तर सकाळी सांगून गेलं, फोटोचा हार वाळलाय, सांच्याला ताजा घालायचाय. मी दोन करून ठिवलेत. दुसरा कुनाला, ते न्हाई सांगितलं त्येंनी."